अरुंद जागेचा शोध

नगराहून मनमाड रस्त्याने निघून सीनेचा पूल ओलांडला, की नागापूरची औद्योगिक वसाहत लागते. लार्सन अँड टुब्रो, क्रॉम्प्टन ग्रीव्हज यांसारख्या मोठ्या कारखान्यांची नावे या वसाहतीशी निगडित झाली असली, तरी तिचा खरा विस्तार गाळ्या-गाळ्यांतून चालणाऱ्या छोट्या वर्कशॉपांचा आहे. आणि आमचे बहुसंख्य वाचक याच वर्गातले असल्यामुळे, ऑर्डरी वाढू लागताच त्यांच्या मनात येणारा पहिला विचार आम्हांला पुरता परिचयाचा आहे : बँकेकडे अर्ज करावा आणि आणखी एक सीएनसी मशीन घ्यावे. या उमेदीचा आम्ही आदरच करतो; परंतु कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी आमचे थोडे ऐकावे, अशी आग्रहाची विनंती आहे.

निजामशाहीच्या अमदानीत नगर शहराला पाणी येई ते कापूरवाडीसारख्या भोवतालच्या गावांतून, जमिनीखाली घातलेल्या खापरी नळांनी. अशा नळात एके ठिकाणी गाळ साचला, म्हणजे उगमाशी कितीही नवे पाणी सोडा, हौदात पडणारी धार त्या अरुंद जागेच्या मापानेच पडणार. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८४ साली ‘द गोल’ या कादंबरीतून कारखानदारांपुढे मांडलेला सिद्धान्त याहून निराळा नाही : साऱ्या कारखान्याची गती त्याच्या सर्वांत मंद टप्प्याहून अधिक होऊ शकत नाही, आणि अन्यत्र ओतलेला पैसा केवळ अर्धवट मालाचे ढीग वाढवितो.

ही जागा हुडकण्यास पाळीभर मशीनपाशी उभे राहण्याचा संयम तेवढा लागतो. अलीकडे एका वर्कशॉपमध्ये आम्ही तसे उभे राहिलो. जॉब बदलायचा होता. ऑपरेटर ॲलन की शोधीत शेजारच्या मशीनकडे गेला, परत येऊन त्याने सॉफ्ट जॉ बसवून बोअर केले, पहिला नग काढला, आणि तो हातात धरून तपासनिसाची वाट पाहत राहिला. तपासनीस त्या वेळी डिलिव्हरी चलने लिहीत बसला होता. एवढा वेळ स्पिंडल स्तब्ध. आठ तासांच्या पाळीत अशा पन्नास-पन्नास मिनिटांच्या तीन सेटिंग धरल्या, तर ४८० पैकी १५० मिनिटे गेली. त्या वीस-वीस मिनिटांवर आणल्या, तर पाळीमागे ९० मिनिटे, दोन पाळ्यांत तीन तास हाती येतात, आणि त्यांचा हप्ता भरावा लागत नाही. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या कारखान्यात हजार टनी प्रेसची चार तासांची सेटिंग प्रथम दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणली, ती मुख्यत्वे एका विवेकाच्या बळावर : मशीन चालू असताना उरकता येईल अशी कोणतीही तयारी मशीन थांबवून करावयाची नाही.

एक जागा मोकळी झाली, की अडचण दुसरीकडे सरकते. कधी ती बाहेर पाठविलेल्या प्लेटिंगच्या कामात असते, कधी खेळत्या भांडवलात. कारण काम वाढते तशी कच्च्या मालात आणि उधारीत गुंतलेली रक्कमही वाढते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे फार तर ४५ दिवसांच्या मुदतीत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे. आपली उद्यम नोंदणी आणि बिलांचे दफ्तर चोख ठेवून तो हक्क वेळीच मागितला पाहिजे.

आणि अखेर ही अडचण बहुधा मालकाच्या टेबलाशी येऊन थांबते. स्वतः लेथवर हात काळे करून ज्याने धंदा उभारला, त्यालाच प्रत्येक कोटेशन, ड्रॉइंगमधील प्रत्येक शंका आणि प्रत्येक इन्सर्टची खरेदी विचारली जाते. चार मशीनींपर्यंत जो त्याचा गुण, तोच आठ मशीनींवर साऱ्यांचा खोळंबा होतो. सेटिंग शीट लिहून ठेवणे, ठरावीक रकमेपर्यंत खरेदीचा अखत्यार सुपरवायझरला देणे, पहिला नग तपासण्यास ऑपरेटरलाच शिकविणे, ही क्षमतावृद्धीचीच कामे होत.

तेव्हा या महिन्यात एवढेच करावे : प्रत्येक मशीनपाशी एक फळा टांगावा, आणि मशीन केव्हा, किती वेळ, कशापायी थांबले, हे ऑपरेटरने स्वतःच्या हाताने लिहावे, त्याबद्दल त्याला कोणी बोल लावू नये. पंधरा दिवसांनी तो फळा मालकाने शांतपणे वाचावा, आणि त्यानंतरही नवे मशीन हवेच असे दिसले, तर निःशंक मनाने बँकेची पायरी चढावी.