हृदय दुरुस्त झाले, मूत्रपिंडाचे काय?

जन्मजात हृदयविकारावरील शस्त्रक्रिया ही खोपोली-खालापूरच्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट आता राहिलेली नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात ती विनामूल्य होते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत जाऊन असे विकार हुडकीत आहेत. हे सारे स्वागतार्हच होय. परंतु मूल घरी परतले की प्रकरण मिटले, अशी जी समजूत रूढ आहे ती तपासून पाहावयास हवी.

हृदय थांबवून शस्त्रक्रिया करताना रक्ताभिसरणाचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. त्या अवधीत मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा बदलतो, रक्तपेशी फुटतात, शरीरभर दाह निर्माण होतो. आणि तान्ह्या मुलाचे मूत्रपिंड तर मुळातच अपरिपक्व. त्यामुळे त्यास कमीअधिक इजा होणे हा अपवाद नव्हे. अनेक पाहण्यांत सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक मुलांत ती आढळली आहे. रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत एकदोन दिवस निघून जातात, म्हणून अतिदक्षता विभागात लघवीचा तासातासाचा हिशेब ठेवतात. बहुतेक मुले सावरतात. काहींना पोटाच्या पोकळीतून डायलिसिस द्यावे लागते.

सावरलेल्या मुलाचीही तीन महिन्यांनी फेरतपासणी व्हावी, अशी शिफारस २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्यासाठी लागते तरी काय? लघवीतील प्रथिनांची व क्रिएटिनिनची तपासणी, आणि रक्तदाब. एवढ्यासाठी डोंगरावरच्या वाडीतून उतरून पहाटेच्या लोकलने परळ गाठावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. हे काम तालुक्यातच व्हावे. मात्र रक्तदाब मोजण्याचा पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा रुंद पट्टा बांधल्यास रक्तदाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो, आणि दोष झाकला जातो! लहान पट्ट्यास कितीसा खर्च येणार?

दुसरी गोष्ट कागदाची. रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या पत्रात मूत्रपिंडास इजा झाली होती किंवा नाही, हे मराठीत स्पष्ट लिहिलेले असावे. पुढे ताप आला असता गावातील डॉक्टर आयबुप्रोफेनसारखे औषध सहज लिहून देतील. अशा मुलास ते अपायकारक ठरू शकते, आणि आईबापांना त्याची कल्पनाही नसते. शाळेच्या आरोग्यपत्रिकेत या नोंदीची नक्कल ठेवणे शिक्षकांना अवघड नाही. वर्षातून एकदा शाळेत येणाऱ्या पथकाने नव्या रुग्णांबरोबर या जुन्या रुग्णांचीही यादी मागावी, आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने तसा लेखी आदेश काढावा.