सड्यावर जरा जपून!

कोकण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माडांची रांग, लाल मातीची वाट आणि आंब्याची कलमे येतात. मे महिन्यातल्या भर दुपारी रत्नागिरी-राजापूरकडच्या एखाद्या सड्यावर चढून पाहावे, म्हणजे हे चित्र किती अर्धवट आहे ते कळते. काळपट जांभ्याचा कातळ लांबवर पसरलेला, करपलेले गवत, सावलीला झाड नाही आणि पश्चिमेला जमीन संपते तिथे एकदम निळा समुद्र. भूगोलाच्या पुस्तकात याला कोणी वाळवंट म्हणणार नाही. पण त्या कातळावर अनवाणी पाऊल टेकवणाऱ्याला दुसरा शब्द सुचत नाही. खाली गावात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागलेले असतात. आणि हाच कातळ पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेतो! मग त्याच्या खळग्यांत पाणी साठते, सीतेची आसवे फुलतात, किडे खाणारी दवबिंदूची इवलीशी रोपटी वर येतात. दिवाळीपर्यंत सारे संपते.

सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुधा ‘पोटखराब’ अशी. आपणही पिढ्यान् पिढ्या तेच म्हणत आलो. ‘वर काय आहे? कातळ!’ चिरेखाणीला दिला तर चार पैसे सुटतात, एवढीच त्याची किंमत.

या कातळावर आपल्या कोणा पूर्वजांनी चित्रे कोरून ठेवली आहेत, हे गुराख्यांना ठाऊक होते. त्यांच्या लेखी ती पांडवांची कामे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत सडे तुडवले, तेव्हा त्यांची व्याप्ती जगापुढे आली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात दुसरे कितीतरी प्राणी. बारसूला एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाघासारखी जनावरे. काही ठिकाणी चक्क गेंडा, जो आज कोकणात औषधालाही सापडायचा नाही. अनेक अभ्यासक ही चित्रे मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. वयाचा वाद चालू आहे, तो चालू राहो. २०२२ साली रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामळ अशा नऊ ठिकाणांची नावे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आणि मग आपण निघालो! रविवारची सकाळ, गाडी थेट सड्यावर. चाकाखाली काय आले, कोण पाहतो? खोदकाम फोटोत उठून दिसावे म्हणून रेघांत रांगोळी भरायची, हत्तीच्या पाठीवर उभे राहून छबी काढायची. रात्री तंबू, शेकोटी. त्या उष्णतेने जांभ्याचा पापुद्रा सुटतो, हे सांगायला तिथे कोणी नसते. याला ‘साहसी पर्यटन’ म्हणतात म्हणे. साहस नेमके कुणी केले, असा प्रश्न पडतो.

पेरू देशात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या वाळवंटात, नाझकाच्या प्रसिद्ध रेघा आहेत. तिथे पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणूनच त्या टिकल्या. त्यामुळेच उमटलेले पाऊलही तिथे टिकते. २०१४ साली ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचे कार्यकर्ते तिथल्या चिमुकल्या पक्ष्याच्या चित्राशेजारी घोषणेची अक्षरे मांडायला गेले आणि पायांचे ठसे ठेवून आले. हेतू चांगला होता! २०१८ मध्ये एका ट्रकने रेघांवरूनच वाट काढली. आपली चित्रे तर इतक्या पावसाळ्यांना पुरून उरली. पाऊस त्यांना पुसू शकला नाही. ते काम चिऱ्याची खाण आणि टायर एका दिवसात करतील.

म्हणून येऊच नका, असे मी म्हणणार नाही. कोणी पाहायलाच आले नाही, तर सडा पुन्हा ‘खराब’ ठरेल आणि खाणवाला वाट पाहतोच आहे. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकऱ्यांनी उन्हात बसून विरोध केला. प्रकल्प हवा की नको, यावर घराघरांत दोन मते आहेत. पण वर काहीच नाही, असे मात्र आता कोणाला म्हणता येत नाही. एवढी किमया त्या रेघांनी नक्की केली.

प्रश्न आहे तो येण्याच्या रीतीचा. यातली कित्येक चित्रे खासगी जमिनीत आहेत. कुणाच्या तरी आजोबांच्या नावावरचा तो कातळ. त्याला न विचारता आपण कुंपण ओलांडतो आणि वर त्याच्याच विहिरीचे पाणी मागतो. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या जाणत्याला सोबत घ्यावे, त्याचे दिवसाचे पैसे मोजून द्यावेत, जेवण त्याच्याच घरी सांगावे. कुळथाची पिठी आणि भाकरी मिळेल, आणि सड्याला काय काय नावे आहेत तेही कळेल. नुसती दरपत्रके छापून हे होणार नाही. जमीनमालकाला चिऱ्यापेक्षा चित्रातून अधिक मिळाले पाहिजे. नाहीतर आपल्या संस्कृतिप्रेमाचा खर्च त्याने का सोसावा?

उक्षीच्या लोकांनी सरकारची वाट न पाहता आपल्या हत्तीभोवती जांभ्याचे कुंपण घालून कडेने उभे राहून पाहण्याची सोय केली. चित्रावर पाय न ठेवता ते पुरे दिसते. उक्षीला कोकण रेल्वेचे स्थानक आहे. गणपतीनंतरच्या एखाद्या उघडिपीच्या दिवशी मुलांना घेऊन तिथे उतरावे आणि चालत वर जावे. सकाळची तिरपी उन्हे असली की रेघा आपोआप दिसतात. रांगोळी लागत नाही.