शिर्डी ते भंडारदरा: शर्यत पूर्ण लांबीचीच हवी

मुलींची सायकल शर्यत म्हटली की आपल्याकडे वीस-पंचवीस किलोमीटर, छापील टी-शर्ट आणि व्यासपीठावरचे सत्कार एवढ्यावर भागवले जाते. मला ते मान्य नाही. शिर्डीहून सुटून राहाता, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याला संपणारी, शंभर किलोमीटरच्या वरची, केवळ महिलांची एकदिवसीय व्यावसायिक शर्यत व्हायला हवी.

लगेच विचारतात, इतक्या मुली आणणार कुठून? संगमनेरची प्रणिता सोमण याच मार्गावरच्या गावातली. माउंटन बाइकमध्ये तिने राष्ट्रीय पदके मिळवली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेने खेलो इंडियात सुवर्णपदके जिंकली. मुली आहेत. शालेय वय सरल्यावर कमाईची शर्यतच नसेल, तर घरच्यांनी तिला महागडी सायकल कशाच्या भरवशावर घेऊन द्यायची? जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. रस्ते तयार झाले, बंदोबस्त लागला, परदेशी संघ आले. ती शर्यत पुरुषांची होती.

अंतर झेपेल का, ही शंका तर निकालातच निघाली आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची पहिली रोड रेस सुमारे ७९ किलोमीटरची होती. २०२४ ला पॅरिसमध्ये १५८ किलोमीटरची. पॅरिस-रुबे शर्यत १८९६ पासून पुरुषांचीच होती. २०२१ मध्ये ती महिलांसाठी प्रथमच झाली, तेव्हा इंग्लंडच्या लिझी डायग्ननने ऐंशीएक किलोमीटर उरले असताना एकटीने आघाडी घेतली. दगडी फरसबंदीच्या, चिखलाने माखलेल्या रस्त्यांवर तिचा हॅंडल रक्ताने भरला, तरी ती जिंकली.

अंतर कमी केले की या खेळातले डावपेचच मरतात. राहाता-लोणीच्या सपाट उसाच्या पट्ट्यात आडवा वारा सुटला, की पुढच्या सायकलच्या चाकापासून वीतभर अंतर राखून, तिच्या आडोशाने चालवायचे असते. आडोसा मिळाला तर बरीच ताकद वाचते. म्हणून संघातल्या इतर जणी वारा अंगावर घेतात, पाण्याच्या बाटल्या पुरवतात आणि आपल्या मुख्य खेळाडूला ताजी ठेवतात. ती ताकद अकोल्यापुढच्या चढांवर लागते. पंचवीस किलोमीटरमध्ये यातले काय दिसणार?

वाहतुकीचा आक्षेप मात्र खरा आहे. उसाच्या ट्रॉल्या, साईभक्तांच्या बस, राज्य परिवहनच्या गाड्या यांचा हा रस्ता. पण तो दिवसभर अडवावा लागत नाही. ताफा पुढे सरकेल तसा मागचा रस्ता मोकळा करत नेतात. रामनवमीला मुंबईहून येणाऱ्या पालख्या सांभाळणाऱ्या परिसराला हे नियोजन अवघड नाही.

उरला पैसा. डायग्ननच्या त्या विजयाचे बक्षीस १,५३५ युरो होते, पुरुष विजेत्याचे ३०,०००. हा अन्याय आपण सुरुवातीपासूनच टाळू शकतो. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ या भागात आहेत. त्यांनी मैदानी स्पर्धांना हात दिलेला आहे. बक्षिसाची रक्कम आधी जाहीर करा, पुरुषांच्या तोडीची ठेवा.

तारीखही सुचवतो: दसऱ्याला साईबाबांच्या पुण्यतिथीला होणारी गर्दी ओसरल्यावर आणि कारखान्यांचे गाळप जोरात येण्याआधी. तेव्हा रस्त्यावर ट्रॉल्यांची वर्दळ नसते आणि राजूरच्या घाटात पावसाची निसरड उरलेली नसते.