कपाटात निजलेले विष्णू

आषाढी एकादशीला भगवान विष्णू शेषशय्येवर निद्रिस्त होतात आणि कार्तिकी एकादशीला जागे होतात, अशी परंपरेची श्रद्धा आहे. थळ घाटाच्या माथ्यावर वसलेल्या इगतपुरीत याच सुमारास पाऊस ठाण मांडून बसतो. धुक्यात समोरचा रस्ता दिसेनासा होतो, कपडे वाळत नाहीत आणि माणसे घरातच अडकून पडतात. वाचनाला याहून अनुकूल ऋतू कोणता असणार? परंतु ग्रंथांच्या दृष्टीने हाच काळ घाताचा. पाने सादळतात, पुठ्ठ्यांवर बुरशी चढते, लाकडी कपाटांची दारे फुगून बसतात. जी पुस्तके हाताळली जातात त्यांना वारा लागतो, ती तगतात. जी वर्षानुवर्षे कोणी मागत नाही, ती कसरीच्या तोंडी जातात. छोट्या गावातील वाचनालयात एखाद्या ग्रंथाचा मृत्यू असा निमूटपणे होतो. त्याची नोंद होते ती फार तर जीर्ण पुस्तके बाद करण्याच्या यादीत.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला. त्यान्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि ग्रंथसंख्या हा तिचा एक निकष असतो. त्यामुळे कपाटे भरली खरी. ती उघडावीत कशी, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. कादंबरी, चरित्र, धार्मिक, संकीर्ण अशी कपाटांची वाटणी ठरलेली असते. वाचकही आपापल्या कपाटाशी एकनिष्ठ असतो. त्यातच विचारांचे गट पडलेले. अमुक लेखक आपला, तमुक परका, असा निवाडा पुस्तक उघडण्यापूर्वीच झालेला असतो. हा दोष कोणत्या एकाच विचारधारेचा नव्हे. तो सर्व बाजूंना सारखाच जडला आहे.

यावर एक साधा, काहीसा गमतीचा वाटावा असा उपाय करून पाहण्याजोगा आहे. विषय आणि विचार बाजूला ठेवून लेखकाच्या नावाप्रमाणे पुस्तके बाहेर काढावीत. आडनावाप्रमाणे नव्हे, केवळ पहिल्या नावाप्रमाणे. चातुर्मासाचे दिवस आहेत, तेव्हा आरंभ विष्णूपासून व्हावा. विष्णुसहस्रनामात एका देवाची हजार नावे येतात. मराठी ग्रंथसंग्रहात नेमके उलट घडले आहे. नाव एकच, पण माणसे नाना तऱ्हेची.

ही माणसे सहजी सापडत नाहीत, कारण मराठीने लेखकांची नावे आद्याक्षरांत कोंडून ठेवली आहेत. वि. का. राजवाडे हे विश्वनाथ, वि. रा. शिंदे हे विठ्ठल, वि. ल. भावे आणि वि. दा. सावरकर हे विनायक. विष्णू म्हणावेत असे ठळक दोन म्हणजे वि. स. खांडेकर आणि वि. वा. शिरवाडकर. यातील मौज अशी की हे दोघेही जन्मतः विष्णू नव्हतेच. 1898 साली सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांचे मूळ नाव गणेश आत्माराम. 1912 साली पुण्यात जन्मलेल्या शिरवाडकरांचे मूळ नाव गजानन रंगनाथ. दोघेही दत्तक गेले आणि दत्तकविधानाने दोघांचाही गणपती विष्णू झाला. मराठीला ज्ञानपीठ पुरस्काराचा पहिला मान 1974 साली खांडेकरांनी मिळवून दिला, तर दुसरा 1987 साली शिरवाडकरांनी. हा निव्वळ योगायोग आहे. योगायोगावर सिद्धांत उभारण्याचे कारण नाही, परंतु तो दोन ग्रंथ शेजारी ठेवण्यास पुरेसा आहे.

असे शेजारी ठेवले की जी गोष्ट दिसते ती योगायोगाची नाही. 1942 साली कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ हा संग्रह प्रसिद्ध झाला, तो खांडेकरांनी पुढाकार घेतल्यामुळे. त्यांनी तो स्वतः प्रकाशित केला आणि प्रस्तावनाही लिहिली. खांडेकर तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते आणि कवी तिशीचा होता. कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटण्यासाठी जादा इंजिने जोडतात, हे इगतपुरीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. गाडी माथ्यावर आली की ती इंजिने सुटतात आणि पुढे निघालेल्या प्रवाशांना त्यांची आठवणही राहत नाही. ‘विशाखा’ पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. तिच्यामागे कोण उभे होते हे मात्र आज थोड्यांनाच ठाऊक असते. खांडेकरांना भाबडा ध्येयवादी ठरवून बाजूला सारणाऱ्या समीक्षकांनी या एका कृतीचे मोल पुरते केलेले नाही.

आता जरा मागे गेले तर विष्णुबुवा ब्रह्मचारी भेटतात. मूळचे विष्णू भिकाजी गोखले. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालणारा आणि ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहिणारा हा संन्यस्त वृत्तीचा पुरुष धर्माभिमानी वाचकांना परिचित आहे, निदान नावाने तरी. परंतु याच बुवांनी 1867 साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. सारी प्रजा हे एक कुटुंब मानावे, भूमी सर्वांची असावी, धान्य व वस्त्र सामाईक कोठारांतून ज्याला लागेल तसे मिळावे, अशी राज्यव्यवस्था त्यात मांडली आहे. त्याच वर्षी जर्मन भाषेत मार्क्सच्या ‘भांडवल’चा पहिला खंड निघाला. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. बुवांची प्रेरणा वेदांची आणि निष्कर्ष असे, की डाव्यांनी ते आपले म्हणावेत व उजव्यांनी अवघडून जावे. दोन्ही बाजूंनी सोयीचे बुवा तेवढे उचलले, हे त्यांचे दुर्दैव. ज्यांना बुवा आपले वाटतात त्यांनी तरी तो निबंध टाळण्याचे कारण नाही. धर्मनिष्ठ मनाला दारिद्र्याचा प्रश्न किती अस्वस्थ करीत होता, हे त्यातच कळते.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे याच नामावळीतील सर्वांत धारदार नाव. 1874 पासून सात वर्षांत ‘निबंधमाले’चे 84 अंक काढून, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या गद्याने मराठी मनाला ताठ कणा दिला यात शंका नाही. तथापि स्वकीय सुधारकांवर, विशेषतः जोतीराव फुले व लोकहितवादी यांच्यावर, त्यांनी चालविलेले शस्त्र अनेकदा न्यायाची मर्यादा ओलांडून गेले, हेही मान्य केले पाहिजे. आणि पाहा, 1950 साली नाशिकमध्ये एक सांस्कृतिक संस्था उभी राहिली, तिचे नाव लोकहितवादी मंडळ आणि तिचे संस्थापक वि. वा. शिरवाडकर. एका विष्णूने ज्यांना झोडपले, त्यांचे नाव दुसऱ्या विष्णूने सन्मानाने संस्थेला दिले. 1932 साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात शिरवाडकर सहभागी झाले होते, हे लक्षात घेतले तर ही निवड सहज झाली असावी असे वाटत नाही. हे दोघे एका पेटीत आले तर त्यांचे भांडण वाचकाच्या घरी रंगेल, आणि ते रंगावे.

संगीतातही अशी जोडी आहे. विष्णू नारायण भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुस्कर, दोघांच्या स्वरलेखनपद्धती वेगळ्या आणि शिष्यपरंपराही वेगळ्या. पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधाराश्रम स्थापून तेथे वास्तव्य केले. भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, तीही ‘विष्णुशर्मा’ या नावाने. पंचतंत्रकाराचे नाव घेऊन त्यांनी गुरू आणि शिष्य यांच्या संवादातून रागांचे शास्त्र उलगडले. संगीताचा ग्रंथ म्हणून ज्याला सर्वसाधारण वाचक हात लावीत नाही, तो इतका गप्पिष्ट असेल अशी कोणाला कल्पना नसते.

शिवाय सांगलीत 1843 साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणणारे विष्णुदास भावे आहेत. वरसईचे विष्णुभट गोडसे आहेत. पैसे मिळविण्यासाठी उत्तरेत गेलेला हा भिक्षुक 1857 च्या वणव्यात सापडला आणि झाशीचा वेढा आतून पाहून आला. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापला गेला. या सर्व पुस्तकांतून एकच घरी न्यायचे झाले तर ते हेच न्यावे. आणि आहेत विदर्भातील विष्णू भिकाजी कोलते, ज्यांनी महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’चे संपादन 1978 साली सिद्ध केले. विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि कोलते या दोघांचीही आद्याक्षरे वि. भि. हीच, याहून साम्य शोधू जाऊ नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विष्णू या नावाने काढलेल्या पेटीत एकही स्त्री नाही, आणि कोलत्यांसारखा अपवाद सोडला तर समाजाच्या एका लहानशा थराचीच लेखणी तीत दिसते. एकोणिसाव्या शतकात अक्षर कोणाच्या हाती होते, हे ही पेटीच सांगून टाकते. ते झाकण्याचा प्रयत्न करू नये. पेटी बदलावी. लक्ष्मी म्हणताच नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक ‘स्मृतिचित्रे’ घेऊन येतात. माहेरच्या त्या मनकर्णिका, म्हणजे त्यांनाही नाव दुसऱ्यांनीच दिलेले. लक्ष्मण म्हणताच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाशेजारी लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ येऊन बसतात, आणि विज्ञानकथा लिहिणारे लक्ष्मण लोंढेही. भटक्या जमातीत जन्मलेल्या मुलाचे आत्मकथन आणि वेदविद्येचा अभ्यास एकाच पिशवीतून घरी नेणारा वाचक विषयवार कपाटांनी आजवर घडविलेला नाही.

पुस्तकांच्या पेट्या फिरविण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने नाशिकमधून निघालेल्या पेट्या दूरदूर पोहोचविल्या आहेत. इगतपुरीपुरते बोलायचे तर धम्मगिरीच्या परिसरातून संपूर्ण पाली तिपिटक देवनागरीत छापून निघाले, इतका मोठा ग्रंथव्यवहार या गावाने पाहिला आहे. त्यामानाने दहा-बारा पुस्तकांची एक पेटी बांधणे ही फार मोठी गोष्ट नव्हे. जुन्या पुस्तकांना बाहेरून प्लास्टिकचे वेष्टन घालावे, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, आणि आषाढीला पेटी गावात सोडावी. एका घरी आठ दिवस, मग पुढच्या. कार्तिकीला ती वाचनालयात परत आली की पाने पुसून, उन्हात वारे देऊन, ‘माझा प्रवास’ची फाटलेली पाने चिकटवून घ्यावी लागतील. तोवर लक्ष्मणांची पेटी तयार असावी.