रुग्णालयाचे देयक आणि ‘न मोडायची’ ठेव

आजारपण सांगून येत नाही, आणि आले की हिशेबाला सवड देत नाही. रुग्णालयाचे लाखांचे देयक हाती पडताच घरातील कर्ता माणूस जो मार्ग सर्वांत जवळचा दिसेल तो धरतो. बहुधा तो क्रेडिट कार्डाचा असतो. मुदत ठेवीची पावती मात्र कपाटात तशीच राहते. कारण ती मुलीच्या लग्नाची म्हणून ठेवलेली असते आणि तिला हात लावणे अशुभ वाटते.

ही भावना समजण्यासारखी आहे. पण तिची किंमत मोठी आहे. समजा, 2 लाख रुपये कार्डावर थकले आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे. पहिल्याच महिन्याचे व्याज 7,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर 1,260 रुपये होतो. ग्राहकाने 10,000 रुपये भरले, तरी मुद्दलातून जेमतेम 1,740 रुपये कमी होतात. हीच रक्कम 7 टक्के व्याजाच्या ठेवीवर, एक टक्का अधिक दराने कर्जाऊ घेतली, तर महिन्याचे व्याज सुमारे 1,333 रुपये पडते. शिवाय ठेवीवरील व्याज चालूच राहते. लग्नासाठी राखलेला पैसा अशा वेळी कार्डाच्या व्याजातच अधिक वेगाने झिजतो.

म्हणून क्रम ठरलेला असावा. प्रथम देयकच कमी करावे. आरोग्य विमा असल्यास कंपनीला वेळेत कळवावे. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून, 2024 पासून सत्तरीपुढील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट नाही. मात्र हा लाभ योजनेशी संलग्न रुग्णालयातच मिळतो. तेव्हा चौकशी रुग्ण दाखल होतानाच करावी. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात, हेही अनेकांना ठाऊक नसते.

त्यानंतर बचत खात्यातील शिल्लक, मग ठेवीवरील किंवा सोन्यावरील कर्ज, त्यापुढे वैयक्तिक कर्ज आणि कार्डाची थकबाकी सर्वांत शेवटी. ठेवीवर कर्ज घ्यावे की ठेवच मोडावी, हे दरमहा किती रक्कम शिल्लक राहते यावर ठरवावे. काही महिन्यांत फेड शक्य असेल तर कर्ज बरे. उत्पन्नच बेताचे असेल तर मुदतपूर्व मोडीचा अर्धा-एक टक्क्याचा दंड सोसून ठेव मोडणे अधिक शहाणपणाचे. परत न फिटणारे कर्ज स्वस्त असले तरी ओझेच.

येथे बँक कर्मचाऱ्यांचीही कसोटी आहे. धास्तावलेला ग्राहक वैयक्तिक कर्जाचा अर्ज मागतो, तेव्हा त्याच्याच नावावरील ठेवीची आठवण करून देणे शाखेच्या उद्दिष्टाला कदाचित पोषक नसेल. तरीही ती आठवण द्यायलाच हवी. त्या दिवशी मिळालेला खरा सल्ला ते कुटुंब विसरत नाही, आणि मुलीच्या लग्नाची पुढची ठेवही त्याच शाखेत येते.

ठेव अडचणीसाठीच असते. अडचण दारात उभी असताना तिला कुलपात ठेवणे ही काटकसर नव्हे.