हात सांपडले, डोकें कोठें?

जळगांव शहरांत प्रा. व्ही. जी. पाटील यांचा खून झाला त्यास वीस वर्षें उलटून गेलीं. २१ सप्टेंबर २००५ हा तो दिवस. गृहस्थ पेशानें प्राध्यापक, पक्षानें काँग्रेसचे, आणि पक्षांतर्गत निवडणुकींत प्रतिस्पर्धी गटास हरवून नुकतेच जिल्हाध्यक्ष झालेले. मारेकरी विरोधी पक्षाचा ठरता तर या पक्षानें आकाशपाताळ एक केलें असतें, चौकास नांव दिलें असतें आणि दरसाल हार घातले असते! पण बोट घराच्या आंतच दाखविलें गेलें, आणि मग सर्वांचीच वाचा बसली.

पोलिसांनीं दोघांस धरलें. मृताच्या पत्नीचें म्हणणें असें कीं, हे केवळ हात होत, त्यांस चालविणारें डोकें निराळें आहे. त्या बाईंनीं ज्यांचीं नांवें घेतलीं त्यांत एक जिल्ह्यांतले बडे पुढारी होते व दुसरे प्रतिभाताई पाटील यांचे बंधु. ताई त्या वेळीं राजस्थानच्या राज्यपाल होत्या. विधवेनें पक्षश्रेष्ठींचीं दारें ठोठावलीं. शेवटीं तिला न्यायासाठीं उच्च न्यायालयांत जावें लागलें. २००७ सालीं औरंगाबाद खंडपीठानें तपास सी.बी.आय.कडे सोंपविला. त्याच वर्षीं ताईंचें नांव राष्ट्रपतिपदासाठीं पुढें आलें, आणि एकाएकीं दिल्लीच्या सर्व विरोधकांस जळगांवच्या या विधवेचा कळवळा आला. २५ जुलै २००७ रोजीं शपथविधि झाला. तो कळवळा त्यानंतर किती दिवस टिकला हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आतां एक गोष्ट आम्ही स्वच्छ लिहून ठेवतों. आरोप म्हणजे पुरावा नव्हे. या खुनाच्या कटाबद्दल ताईंच्या बंधूंस कोणत्याही न्यायालयानें दोषी ठरविलेलें नाहीं. ताईंवर तर खटलाच नव्हता. कोणी बड्या घरचा आहे एवढ्यावरून त्यास फांसावर चढवा म्हणणें हा रयतेचा न्याय नव्हे. परंतु कोणी बड्या घरचा आहे एवढ्यावरून त्याच्या दारीं तपास बिचकत जावा, हा तरी कोणाचा न्याय? संविधानाच्या ३६१ व्या कलमानें राष्ट्रपतीस पदावर असेपर्यंत फौजदारी खटल्यापासून संरक्षण दिलें आहे. तें संरक्षण भावास नाहीं, भाच्यास नाहीं, पक्षाच्या पुढाऱ्यास नाहीं. कायद्यांत नसलेलें हें कवच लोकांच्या भीतीनें आणि अंमलदारांच्या लाचारीनें तयार होतें.

कटाचा तपास हा सुऱ्याच्या तपासाहून वेगळा असतो. सुरा जागेवर सांपडतो. कट सांपडतो तो टेलिफोनच्या नोंदींत, पैशाच्या वाटेंत आणि घाबरलेल्या साक्षीदाराच्या पहिल्या जबाबांत. या तिन्ही वस्तु नाशिवंत आहेत. टेलिफोनच्या नोंदी कंपन्या फार काळ ठेवीत नाहींत, पैसा हात बदलतो, आणि साक्षीदार बायकोमुलांकडे पाहून विसरावयास लागतो. मग खुनानंतर सव्वा-दीड वर्षानें नवा तपासनीस आला तर त्याच्या हातीं काय लागणार? खटला चालूं असतां पुराव्यांत नवें नांव निघालें तर त्यास आरोपी करण्याचा अधिकार त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१९ व्या कलमानें न्यायालयास होता. पण नांव निघावयास आधीं पुरावा पाहिजे, आणि पुरावा तर पहिल्या महिन्यांतच गोळा करावा लागतो. वरिष्ठांस वांचवावयाचें असेल तर खोटा कागद करण्याचीही गरज नाहीं. नुसता उशीर पुरे.

ही बाब एका खुनाची नाहीं. आमच्या खानदेशांत सत्ता येते ती सहकाराच्या वाटेनें. शेतकऱ्याचा व गरीब बाईचा पैसा बँकेंत जमतो, आणि बँक ज्याच्या हातीं त्याच्या हातीं माणसें. जळगांवची प्रतिभा महिला सहकारी बँक १९७३ सालीं निघाली व २००३ सालीं रिझर्व्ह बँकेनें तिचा परवाना रद्द केला. संचालकांच्या नात्यागोत्यांतील कर्जांचें व्याज माफ झाल्याचा आक्षेप बँकेच्या कर्मचाऱ्यांनींच जाहीरपणें घेतला. पूर्वीं सावकार शेटजी रयतेस नागवीत असे. तो निदान आपला भाऊ म्हणवीत नसे. आतांचा नागविणारा आपल्याच जातगोताचा, आपल्याच पंगतीस बसणारा, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलणारा घरभेदी ठरतो.

आणि मोठ्यांस हात लागतच नाहीं असें कोणी म्हणेल तर त्यानें धुळ्याकडे पाहावें. जळगांवच्या घरकुल योजनेंत अकरा हजारांहून अधिक घरें व्हावयाचीं होतीं, जेमतेम दीड हजार झालीं. आयुक्त प्रवीण गेडाम यांनीं फेब्रुवारी २००६ मध्यें फिर्याद दिली, म्हणजे या खुनास पुरते पांच महिनेही झाले नव्हते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीं धुळ्याच्या विशेष न्यायालयानें ४८ जणांस दोषी धरलें. माजी मंत्री सुरेश जैन यांस सात वर्षें कैद व १०० कोटींचा दंड, गुलाबराव देवकर यांस पांच वर्षें. पुढें उच्च न्यायालयांत अपिलें व जामीन झाले, तो भाग वेगळा. तेरा वर्षें लागलीं, पण निकाल झाला. कां झाला? कारण एका अंमलदारानें कागद जपून ठेवले होते. पाटलांच्या प्रकरणांत असा अंमलदार कोण होता?

आमचें मागणें थोडें आहे. जेथें आरोप सत्ताधारी पक्षाच्या माणसावर आहे तेथें तपास पहिल्या आठवड्यांतच जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावा व त्यावर उच्च न्यायालयाची देखरेख असावी. विधवेस त्यासाठीं वकील शोधीत हिंडावें लागूं नये. आणि काँग्रेस पक्षानें, आज तो सत्तेवर असो वा नसो, आपल्या जिल्हाध्यक्षाच्या खुनांत त्या वेळीं पक्षाकडे आलेलीं सर्व पत्रें व तक्रारी, आणि त्यांवर काय उत्तर दिलें तें, जळगांवच्या लोकांपुढें मांडावें. त्या पत्रांवर कोणाचे शेरे आहेत हें आम्हांस पाहावयाचें आहे.