८४१ मतं आणि आपली रात्रीची गाडी

खरं सांगा, २० नोव्हेंबर २०२४ ला तुम्ही कुठे होतात? बुधवार होता, विधानसभेचं मतदान होतं, राज्यभर सुट्टी होती. बुलढाण्याची बरीच पोरं-पोरी तेव्हा पुण्यात, संभाजीनगरात रूमवर होती. मीही त्यातलाच. भाऊबीज करून, चिवड्याचा डबा घेऊन नुकताच परत गेलो होतो. अडीच आठवड्यांत पुन्हा कोण जाणार, म्हणून गेलोच नाही.

तीन दिवसांनी निकाल लागला. बुलढाणा मतदारसंघात संजय गायकवाड यांना ९१,६६० आणि जयश्री शेळके यांना ९०,८१९ मतं. फरक ८४१! कॉलेजच्या गॅदरिंगला याहून जास्त गर्दी असते.

कोण जिंकलं, कोण हरलं, हा आपला विषय नाही. आकडे उलटे असते तरी मी हेच लिहिलं असतं. विषय आहे, आपण मोजणीत होतो की नव्हतो.

'एका मताने काय होतं?' असं म्हणणाऱ्यांनी आपल्या मतदारसंघाचा इतिहास जरा बघावा. २००९ ला शिवसेनेचे विजयराज शिंदे आमदार. २०१४ ला काँग्रेसचे हर्षवर्धन सपकाळ. तेव्हा मनसेकडून लढलेले गायकवाड दुसरे. २०१९ ला तेच गायकवाड शिवसेनेकडून विजयी आणि शिंदे 'वंचित'कडून रिंगणात. २०२४ ला तर शिवसेना विरुद्ध शिवसेना. म्हणजे इथे कुणाचाच सातबारा पक्का नाही. शेजारच्या मलकापुरात चैनसुख संचेती १९९५ पासून सलग पाच वेळा निवडून आले, पण २०१९ ला तेही पडले. २०२४ ला जिल्ह्यातल्या सातपैकी चार जागांचा, म्हणजे बुलढाणा, चिखली, सिंदखेडराजा आणि मेहकरचा निकाल पाच हजारांच्या आतल्या फरकाने लागला.

आणखी एक. १९८४ ला याच बुलढाण्याने २५ वर्षांच्या मुकुल वासनिकांना लोकसभेत पाठवलं. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं; अठरा-वीसच्या पोरांना मतच नव्हतं. १९८९ पासून ते आहे, आणि आपण ते झोपून घालवतो.

मान्य, अडचणी खऱ्या आहेत. बुलढाणा शहराला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी आजोबांच्या काळापासून ऐकतोय. रात्रभर गाडीत अवघडून यायचं, मत टाकायचं आणि रात्री पुन्हा निघायचं, हे सोपं नाही. पण रेल्वे का नाही, शिकायला गाव का सोडावं लागलं, हे विचारायचं कुणाला? आमदार-खासदारांनाच ना? मग ज्याची यादीत फक्त नावापुरती नोंद आहे, त्याच्या प्रश्नाची भीती त्यांना का वाटावी?

काही जण म्हणतील, 'चार वर्षं पुण्यात राहतो, तिथलंच पाणी पितो, तिथेच मत देईन.' बिनधास्त द्या. हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. आधीच गावाकडे नाव असेल तर फॉर्म ८ भरून हलवता येतं. फक्त एकाच ठिकाणी ठेवा. पण नाव मोताळ्यात, माणूस कोथरूडला आणि मत कुठेच नाही, हा प्रकार बंद करू. माझं म्हणाल तर मी नाव गावातच ठेवलंय. माझी भांडणं अजून तिकडचीच आहेत.

अठरा पूर्ण व्हायची असतील तरी थांबू नका. सतरा झाली की आगाऊ अर्ज करता येतो. आज जेवण झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि यादीत आपलं नाव शोधा. सापडलं तर रूममेटचंही बघा. आणि पुढची तारीख जाहीर झाली, की दिवाळीसारखंच गाडीचं तिकीट आधी काढून ठेवा.